तात्या, कोऱ्या रकान्यांत काय लिहू?

तात्या, परवा तुमचा दहावा झाला. मी पिंपळीला आले होते. मांडवात बसलेल्या बायका माझ्याकडे बघून काकींना हळूच विचारत होत्या, ही कोण म्हणून. काकींनी डोळे पुसत सांगितलं, "ही व्हय? ही त्यांची समुद्राची पोरगी."

चारी बाजूंनी ऊस, पलीकडं कालवा, आणि मी समुद्राची पोरगी. तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून हसला असता.

एका म्हाताऱ्या आजींना ते काही केल्या उमगेना. त्यांनी मला जवळ बोलावलं. "दत्तू समुद्रावर जाऊन करायचा तरी काय गं?"

"मोजायचे, आजी."

"काय मोजायचा?"

"शंख, कालवं, खेकडे, समुद्रफुलं. ओहोटीला कातळ उघडा पडतो ना, त्याच्यावर जे जीव असतात ते."

"आन मोजून?"

"पुढच्या वर्षी परत मोजायचे."

आजी काकींकडं वळून म्हणाल्या, "आन याचा पगार द्यायचं का गं सरकार?" आणि तात्या, काकी हसल्या. दहाव्याच्या दिवशी, भर मांडवात, पदर तोंडात धरून हसल्या, आणि हसता हसता जे रडू लागल्या ते थांबेनात. मी त्यांच्या शेजारी बसून होते. हात त्यांच्या पाठीवर ठेवला होता. निघताना त्यांनी माझा हात धरला. "त्यांचं समदं काम तुझ्या कॉम्प्युटरात हाय न्हवं? नीट ठिव बाई. दुसरं काय मागं ठिवलं न्हाय त्यांनी."

मी हो म्हटलं. पिंपळीहून अंथुर्ण्याला घरी येईपर्यंत सगळ्या वाटेवर मी त्या होचाच विचार करत होते.

कारण तुमचं काम माझ्याकडं आहे, पण ते नीट ठेवणं माझ्या हातात नाही. आपल्या संस्थेनं सगळ्या वर्षांची माहिती मोठ्या साठ्यात द्यायचं ठरवलंय, जिथं किनाऱ्याकिनाऱ्यांवरची माहिती एकत्र राहते. तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्हीच त्याच्या मागं लागला होता. "आपण मेलो तरी आपलं कातळ तितं ऱ्हाईल," असं म्हणाला होता. आता तिथला नियम असा की कोरा रकाना चालत नाही. जीव दिसला तर आकडा लिहा. शोधला आणि दिसला नाही तर शून्य लिहा. शोधायलाच जमलं नाही तर 'पाहिलं नाही' असं लिहा. आणि तात्या, तुमच्या वर्षांत खालच्या तुकड्याचे समुद्रफुलांचे रकाने एकामागून एक कोरे आहेत. त्यांतले कुठले शून्य आणि कुठले 'पाहिलं नाही', हे सांगणारं माणूस जगात एकच होतं.

आपण बसणार होतो. एकेक रकाना बघणार होतो.

मला तुम्ही पहिल्यांदा भेटलात ते कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत. आमच्या मॅडमनी बोलावून घेतलं होतं, एका संस्थेचे लोक माहिती भरायला कुणीतरी शोधतायत म्हणून. मला वाटलं होतं पुण्याचे कुणी साहेब असतील. तुम्ही पांढरा शर्ट, पायात रबरी चपला आणि हातात उसाच्या कांड्यांची पिशवी घेऊन बसला होता. कांड्या मॅडमना द्यायला आणल्या होत्या. मला विचारलंत, "नाव काय तुजं?"

"प्रज्ञा."

"कॉम्प्युटर येतंय?"

"हो सर."

"समुद्र बघितलास?"

मी खरं सांगितलं. नाही. इंदापूर तालुक्यातल्या मुलीनं समुद्र कशाला बघितलेला असेल? उजनीचं पाणी बघितलं होतं, तेच मला समुद्राएवढं वाटायचं. मला वाटलं आता काम जातंय.

"ब्येस हाय," तुम्ही म्हणालात. "मीबी नोकरीला लागस्तवर बघितला नव्हता. आन सर म्हणू नकोस. तात्या म्हण. सर म्हटलं की मी मागं वळून बघतो, कोण आलं म्हून."

पण माझ्या घरच्यांना पटवणं सोपं नव्हतं. घरातली पहिली पदवीधर मुलगी, आणि ती कोकणात जाऊन दगडांवर फिरणार. तुम्ही स्वतः अंथुर्ण्याला आलात. पप्पा गवंडीकामावरून नुकतेच परतले होते, हातापायाला सिमेंट तसंच. तुम्ही ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलात. समुद्राबद्दल एक शब्द बोलला नाहीत, घराच्या पायाबद्दल बोललात. आईनं भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं, तर तुम्ही दोनदा मागून घेतलंत आणि आईला म्हणालात, "मिरची कमी घाला म्हणणार हुतो, पर आता इलाज न्हाय, ताट संपलं." तुम्ही गेल्यावर पप्पा एवढंच म्हणाले, "जाऊ दे पोरीला." बाकी काही नाही. मोठे लोक आमच्या घरी येतात तेव्हा चहाच घेतात, आणि तोही अर्धा ठेवतात. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला कळलं होतं की नाही, तेही मला ठाऊक नाही.

मग तुम्ही मला भरती-ओहोटी शिकवलीत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी, पाणी लांबपर्यंत मागं जातं, तेव्हाच खालचा कातळ उघडा पडतो. म्हणून कॅलेंडर बघत जा, म्हणालात. आमच्या घरात अमावस्या कधी आली न कधी गेली, कुणी बघत नाही. मी भिंतीवर कॅलेंडर लावून अमावस्यांना लाल गोल करायला लागले, तर पप्पांनी कपाळाला हात लावला. "एवढं शिकवलं, आन पोरगी अमावस्या पाळाय लागली!" मी हे तुम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही पप्पांनाच फोन द्यायला लावलात. "मास्तर, तुमची पोरगी अमावस्येला घराबाहेर पडायचं शिकतीया, घरात बसायचं न्हाय." पप्पा त्यावर जे हसले, तसं मी त्यांना फार कमी वेळा हसताना बघितलंय. पप्पांना मास्तर म्हणणारेही तुम्ही एकटेच होता.

पहिल्या फेरीला बारामतीहून कोल्हापूर, तिथून घाट उतरून देवगडच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी कातळावर उतरलो. तुमच्या पायात उसाला पाणी देताना घालतात ते गमबूट आणि खांद्यावर चौकट. शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे कापून तुम्ही ती घरी केली होती. काठापासून पाण्यापर्यंत दोरी ताणायची, ठरलेल्या अंतरावर चौकट टेकवायची, चौकटीच्या आत दिसेल तो प्रत्येक जीव मोजायचा. मोजणारा ओरडून सांगणार, दुसरा प्लास्टिकच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिणार. कालवं काढायला आलेली एक बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. ती ओरडली, "काय वो घाट्यांनो, हय ऊस लावतलास की काय?"

"व्हय!" तुम्ही तिथून ओरडलात. "पाण्याची सोय बघायला आलोय!"

कातळाचे तीन भाग तुम्ही पाडले होते, आणि त्यांना नावं दिली होती वरचा तुकडा, मधला तुकडा, खालचा तुकडा. वाटणीच्या जमिनीला देतात तशी. संस्थेच्या कागदांत त्यांना इंग्रजी अक्षरं होती, ती तुम्ही कधी वापरली नाहीत. आणि मोजायला लागलात की पहिल्या जीवाला 'एक' म्हणायचा नाहीत. लाभ, दोन, तीन, चार. आपल्याकडं खळ्यावर धान्य मापताना म्हणतात तसं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणालात, "माजी आय मापायची, मी पोती धरायचो. तोंडाला तीच सवय हाय. लाभ म्हंजे एक लिव्ह, बास."

ते मी लिहीत गेले. अडलं ते वेगळ्याच जागी.

त्याच दिवशी मधल्या तुकड्यावर एका खळग्यात मी पहिलं समुद्रफूल बघितलं. फूल नव्हेच ते, प्राणी. पाण्यात पाकळ्या पसरून बसलेला, हिरवट, टोकांना जांभळा. तुम्ही माझं बोट धरून हळूच लावायला सांगितलंत. त्यानं ते बोट जरासं धरलं आणि मग सगळं अंग आवळून त्याचा गोळा झाला. मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "खालच्या तुकड्यात ही रानच्या रान हुती. पाय ठिवायला जागा नसायची." आणि मग आपण खालच्या तुकड्यावर गेलो. तुम्ही चौकट टेकवलीत. कालवं सांगितली, शंख सांगितले. समुद्रफुलांची पाळी आली, तुम्ही वाकून सगळे खळगे बघितले, कडा चाचपल्या आणि म्हणालात, "पुढं."

"किती, तात्या?"

"पुढं."

"म्हणजे शून्य ना?"

"पुढं म्हंजे पुढं. चल, पाणी फिरंल."

मी त्या चौकटीत शून्य लिहिलं. पुढच्याही. सबंध दोरी संपेपर्यंत शून्य. वर येऊन तुम्ही कागद बघितलात, आणि तुमचा चेहरा असा झाला, जसं काही मी अभद्र बोलले होते.

"न्हाय असं लिवू नी, पोरी."

"पण नव्हतीच ना?"

"नव्हती, म्हून मी बोललोच न्हाय न्हवं का? मोकळं सोड. माजी आय रिकामं माप कुणाला दावायची न्हाय. उपडं ठिवायची. उद्या यायचं असंल त्याला वाट मोकळी पायजे. तू न्हाय लिवलंस आन ते परत आलं, तर त्याला वाटंल, मला काडूनच टाकलं ह्यांनी."

मला हसू आलं होतं. मग हसू गेलं, कारण मला जुने कागद आठवले. मी आदल्या महिन्यात तुमच्या मागच्या वर्षांचे कागद कॉम्प्युटरवर भरले होते आणि कोरे रकाने कोरेच ठेवले होते, वाटलं होतं तिथं जायला जमलं नसेल. खालचा तुकडा सगळ्यात शेवटी उघडा पडतो आणि सगळ्यात आधी पाण्याखाली जातो. कितीदा तरी तुम्हाला अर्ध्यातून परतावं लागलं असणार. तेही रकाने कोरे, आणि शोधून काही न मिळालेलेही कोरे. दोन्ही सारखेच दिसतात.

मी म्हटलं, "तात्या, मग शोधलं कुठं आणि राहिलं कुठं, हे कळणार कसं?"

"मला कळतंय की," तुम्ही म्हणालात. डोक्यावर बोट आपटलंत. "हितं हाय समदं."

त्यावरून आपण जे भांडायला लागलो ते तुमच्या शेवटापर्यंत. गंमत म्हणजे तुम्ही अडाणी नव्हता. तुम्ही प्राणिशास्त्र शिकला होता, लोकांना हीच पद्धत शिकवत होता. मी चिडून म्हणायचे, शून्य म्हणजे जीव नाही असं नव्हे, ह्या चौकटीत आज दिसला नाही, एवढंच. तुम्ही म्हणायचा, "मग तेवढंच लिव्ह, शून्य कशापायी? शून्य वाचणारा माणूस एवढं वाचतोय का?" हा तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण मीही ऐकणारी नव्हते. आमच्या घरात जे नाही ते नाही म्हणूनच शिकवलंय. पप्पा म्हणायचे, "तुझा तात्या देवमाणूस हाय. पर न्हाय म्हणाय भितोय. तू भिऊ नको." हे मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "मास्तरचं बराबर हाय. त्यांना कुणी व्हय म्हटलंच न्हाय कदी, तर न्हाय म्हणाय काय भ्यायचं? मला व्हय ऐकायची सवय लागलीया, बाबा." मला अजून कळलेलं नाही की हे तुम्ही कौतुकानं म्हणालात की वाईट वाटून.

मग आपल्यात एक तोडगा निघाला होता. नव्या फेऱ्यांना लिहायचं काम माझं, म्हणजे शून्यही माझं. तुम्ही "पुढं" म्हणायचं, मी शून्य लिहायचं, आणि तुम्ही कागद बघायचा नाही. त्यात तुमचा मान राहिला आणि माझाही. पण जुनी वर्षं राहिली. मी प्रत्येक फेरीला आठवण करायचे, तुम्ही प्रत्येक फेरीला म्हणायचा, बसू की. ऊस तुटला की बसू. पाहुणे गेले की बसू. पिंपळीला ये, काकीच्या हातचं खा, आन बसू.

तुम्ही टाळत होता, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, तुम्हाला कळलं होतं. सगळ्या कोऱ्या रकान्यांत शून्यं लिहिली की काय दिसणार, हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? खालच्या तुकड्यावरची समुद्रफुलं गेली. पाय ठेवायला जागा नव्हती, तिथून गेली, आणि ती जाताना फक्त तुम्ही बघितलीत. मी आले तेव्हा ती गेलेलीच होती. माझी शून्यं सोपी आहेत, तात्या. मी काही गमावलं नव्हतं.

शेवटी यंदा पाऊस उघडल्यावर तुम्हीच फोन केलात. "ये पुढच्या आठवड्यात. कागद घिऊन ये, छापलेलं. कॉम्प्युटरवर मला दिसत न्हाय." मी सगळे कागद छापून घेतले. कोऱ्या रकान्यांवर पिवळी खूण केली. पिशवी भरून ठेवली. आणि काकींचा फोन आला की तुम्हाला बारामतीच्या दवाखान्यात नेलंय, उजवी बाजू गेली, वाचा गेली.

मी आले तेव्हा पिशवी तशीच खांद्यावर होती. कागद काढायचे नाहीत असं ठरवूनच आले होते. तुम्ही उताणे पडला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात पांघरुणाबाहेर. मला बघून तुमचे डोळे पिशवीकडं गेले. काकी म्हणाल्या, "बघ, वळाकलं. तुजी वाट बघत हुते. काय ते दाव त्यांना, त्यांच्या जीवाला बरं वाटंल."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बरंचसं समजत असेल, सगळं समजतंय असं नाही सांगता येणार. बोला त्यांच्याशी.

मी पहिला कागद तुमच्या डोळ्यांसमोर धरला. म्हटलं, तात्या, खालचा तुकडा. ह्या रकान्यात शोधलं होतं का? शोधलं असेल तर बोट उचला. तुम्ही डाव्या हाताचं बोट उचललंत. स्पष्ट. पुढचा रकाना. बोट उचललं. मी खूण केली. त्याच्या पुढचा. बोट. काकी पदरानं तुमची हनुवटी पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "बघ, कसं समदं ध्यानात हाय." मी भराभर विचारत गेले, खुणा करत गेले. बोट, बोट, बोट. एका ठिकाणी माझा हात थांबला. प्रत्येक वेळी बोट कसं वर येतंय? एकदाही तुम्ही अर्ध्यातून परतला नव्हता?

मग मी एक प्रश्न विचारला. सहज विचारला असं तोंड करून. "तात्या, उजनीच्या पाण्यात समुद्रफुलं शोधली होती का?"

तुम्ही बोट उचललंत.

काकी हसल्या. "उजनीत कुठली गं समुद्रफुलं! चेष्टा करतीयास व्हय गं आजारी माणसाची?" आणि मी तुमच्याकडं बघत राहिले. तुमचा डावा डोळा जरासा बारीक झाला होता. चेष्टा करताना तुमचा डोळा व्हायचा तसा. की ते आजारपणाचं ओढलेपण होतं? तात्या, तुम्ही कळून उचललंत का बोट? पोरगी खुळ्यासारखं विचारतीया, मग आपणबी खुळ्यासारखं व्हय म्हणू, असं? तसं असेल तर त्या सगळ्या खुणा खऱ्या आहेत. आणि तसं नसेल तर तुम्ही माझा आवाज ऐकून नुसतं बोट हलवत होता, आणि एकही खूण खरी नाही. मी परत विचारायला तोंड उघडलं, तर तुम्ही डोळे मिटले होते. नर्स म्हणाली, आता झोपू द्या.

काकींनी बाहेरपर्यंत सोडलं. "झालं न्हवं तुजं काम?"

"झालं, काकी."

दुसरं काय म्हणणार? त्या बाईच्या तोंडावर त्या दिवसांत पहिल्यांदा जरा तजेला आला होता. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

संस्थेच्या पुण्यातल्या मॅडमना मी सगळं सांगितलं. उजनीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रज्ञा, तुला काय वाटतं?" मला काय वाटतं, तात्या? मला वाटतं तुम्ही चेष्टाच केली. मला वाटतं तुम्ही प्रत्येक खळगा वाकून बघितलात, कडा चाचपल्यात आणि स्वतःशीच "पुढं" म्हणालात. पण मला वाटणं हा पुरावा नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, अगदी पहिल्या फेरीला, जेव्हा मी एका शंखाचं नाव अंदाजानं लिहिलं होतं. "वाटतंय ते घरी जाऊन मास्तरला सांग. हितं दिसतंय ते लिव्ह."

मग मॅडम म्हणाल्या, तीन सोयींशिवाय चौथी एक सोय आहे. शोधलं की नाही हेच कळायला मार्ग नसेल तेव्हा 'ठाऊक नाही' असं लिहिता येतं. पण त्याचा उपयोग कुणी करत नाही, आणि असे रकाने हिशेबात धरले जात नाहीत.

दोन दिवस मी त्या फाइलसमोर नुसती बसून होते. शून्य लिहिलं तर समुद्रफुलं कशी गेली हे सगळ्यांना दिसेल, तुम्ही बघितलेलं जगाला दिसेल, पण ते माझ्या मनातल्या तुमच्या भरवशावर. 'पाहिलं नाही' लिहिलं तर तुम्ही गेलाच नाहीत असं होईल, आणि ते तर मला ठाऊक आहे की खोटं आहे. पप्पा दारात उभे राहून बघत होते. मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही काय लिहिलं असतं?" पप्पा आत येऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "मला तात्याला विचारावं लागलं असतं."

आज सकाळी मी फाइल पाठवली. सगळ्या कोऱ्या रकान्यांत 'ठाऊक नाही'. पाठवल्यावर त्या साठ्यानं आपोआप आलेख काढून दाखवला, खालच्या तुकड्यावरच्या समुद्रफुलांचा. डावीकडं तुमच्या सुरुवातीच्या वर्षांची उंच रेघ आहे. मग ती रेघ एकदम तुटते. मग बरीच मोकळी जागा. आणि उजवीकडं, अगदी तळाला चिकटून, माझ्या शून्यांची रेघ सुरू होते. बघणाऱ्याला वाटेल, मधल्या वर्षांत त्या किनाऱ्यावर कुणी गेलंच नव्हतं. फुलं कधी गेली, रेघ तुटली त्याच वर्षी की मागून, कुणालाच कळणार नाही. तुम्ही दर मोठ्या ओहोटीला तिथं होता, गमबूट घालून, वाकून. ते दाखवायला त्या आलेखात जागा नाही, तात्या. मी शोधली.

दुपारी काकींचा फोन आला. "पाठिवलंस का गं त्यांचं काम?"

"पाठवलं, काकी."

"त्यांचं नाव घातलंस न्हवं?"

नाव घातलंय. फेरी कुणी केली याचा एक रकाना असतो, तो कोरा ठेवून चालत नाही, आणि तो भरताना मला कुणाला विचारावं लागलं नाही. त्या वर्षांच्या प्रत्येक ओळीत तुमचं नाव आहे, तात्या. नावापुढं 'ठाऊक नाही'.

मी काकींना सांगितलं, हो काकी, प्रत्येक ओळीत आहे.